गॅलरीतला हुंकार

माझ्याइतकी तीक्ष्ण नजर शतकात एखाद्यालाच लाभते, आणि या शतकातली ती जागा भरलेली आहे. शिक्षणाने मी रसायनशास्त्राचा पदवीधर, वृत्तीने गुप्तहेर. आई या दोन्हींना मिळून 'रिकामटेकडा' म्हणते. पण आईचा विज्ञानाशी संबंध नाही.

प्रकरण ताईचं. ती रुग्णालयात नर्स. शुक्रवारी मुख्य नर्सच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, तीही इंग्रजीत. जागा हुकली तर रात्रपाळी कायमची. सराव मीच घ्यायचो. ती एक वाक्य बोलायची, मी त्यातल्या तीन चुका सांगायचो. आठवडाभरात तिने सराव बंद केला.

आणि एका सकाळी मागच्या गॅलरीच्या बंद दाराआडून मला ताईचं इंग्रजी ऐकू आलं. सलग, न अडखळता! मधूनमधून एक पुरुषी आवाज, फक्त "हं".

पहिला सिद्धांत: फोन. पण तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. दुसरा सिद्धांत: छुपा शिक्षक. तोही बाद. चूक न काढणारा शिक्षक निसर्गात आढळत नाही. उरला तिसरा: बोलणाऱ्या बाईला नुसतं "हं" म्हणणारा पुरुष एक तर परदेशी असतो किंवा प्रेमात. हा दोन्ही होता. मुलाखत गेली खड्ड्यात, ताई विमानात बसणार!

घरातले संशयित मी आधीच वगळले होते. बाबा जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि इंग्रजी 'थँक्यू'पुरतं.

मी दाराला पेला लावून ऐकत होतो, तेवढ्यात मागून आई आली.

"धुतलेला पेला आहे तो. काय चाललंय?"

"हळू! आत तुझा होणारा जावई आहे."

आईने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि सरळ दार उघडलं.

आत स्टुलावर बाबा. गळ्याभोवती टॉवेल, तोंडभर फेस. ताई त्यांच्या गालावरून रेझर फिरवत इंग्रजीत वॉर्डमधला गोंधळ सांगत होती.

"हं," बाबा म्हणाले.

"अरे शहाण्या," आई म्हणाली, "महिनाभर बाबांची दाढी कोण करतंय असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, वाढत नसेल."

ताई हसली. "तुझ्यापुढे तोंड उघडायची भीती वाटायची. यांना तोंड उघडताच येत नाही. आणि आज कंटाळा आला म्हणून सुट्टी नाही. दाढी रोज वाढते."

"सुरुवातीचे दिवस वाईट गेले," बाबा फेसातून पुटपुटले. "हिचा भूतकाळ अडला की माझ्या हनुवटीला कापूस."

शुक्रवारी ताईला जागा मिळाली. मुलाखत घेणाऱ्यांना मध्ये बोलायची फारशी संधीच मिळाली नाही म्हणे.

सोमवारपासून तिची सकाळची पाळी. बाबांचं प्लास्टर मात्र अजून निघायचं होतं, म्हणून रेझर माझ्या हाती आला. "तूही बोल इंग्रजीत," जाताना ताई बजावून गेली, "तुलाही कधीतरी मुलाखत द्यायची आहेच ना?"

मी फेस लावला, रेझर उचलला, तोंड उघडलं. व्याकरणाचे सगळे नियम डोक्यात हजर झाले. वाक्य एकही येईना. रेझर मात्र तसाच बाबांच्या गालाकडे निघाला.

बाबांनी आरशात माझ्याकडे पाहिलं, मग रेझरकडे पाहिलं. डाव्या हाताने टॉवेल ओढून त्यांनी शांतपणे सगळा फेस पुसून टाकला.

"राहू दे," ते म्हणाले. "दाढी ठेवतो मी."