अन्वरचाचांचे ढिले डबे

पेणच्या बाजारात डब्यांच्या दुकानात शिरलं की अन्वरचाचा उजवा हात पाठीमागे धरतात आणि डाव्या अंगठ्यानं एकेक डबा उघडून बघतात. उघडला तर "पास", अडला तर "नापास". दुकानदार आता त्यांना लांबून बघितलं की शटर अर्ध्यावर आणतो.

आमच्या या शेजाऱ्यानं उमर काढली कुवेतला, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. तिथल्या वाळवंटातली वाळूसुद्धा त्यांनी साइझप्रमाणे लावून ठेवली असावी, असा माझा दाट संशय आहे. आता त्यांच्या तावडीत सापडलंय ते मासे धरायचं सामान. तळ्यातल्या मरळीसाठी हिरवी पिशवी, नदीसाठी निळी, खाडीतल्या जिताड्यासाठी लाल. प्रत्येकीत गळ वेगळे, दोरी वेगळी, शिसं वेगळं, अन् हात पुसायचं फडकंही वेगळं. त्या पिशव्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नाही. "जिन्नस जागेवर, तर माणूस जागेवर!"

कुठल्याही पाण्यावर जायचं असो, तिन्ही पिशव्या स्कूटरला लटकणारच.

"चाचा, आपण नदीवर चाललोय. तळ्याची पिशवी कशाला?"

"अरे बाबा, वाटेत तळं लागलं तर?"

एकदा कोलाडला चहाला थांबलो, तर पिशव्यांतून डोकावणारे डबे बघून एक बाई जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन धावत आली. "यावर केवढा डबा देशील रे?" चाचांनी नाय म्हणण्याआधी साडीचा पोत चिमटीत धरून बघितला. फडक्यासाठी बरा होता म्हणे.

त्याच दिवशी नदीवर बसून त्यांनी गळांचा डबा उघडला, तर आत हळद, तिखट, जिरं, मोहरी! त्यांच्या बेगमचा, म्हणजे रुकय्याभाभींचा, मसाल्याचा डबा चाचांनी गळांसाठी पळवला होता आणि भाभींना हुबेहूब तसाच दुसरा आणून दिला होता. निघायच्या घाईत ओट्यावरचा भलताच उचलला. समोर मासे अशा उड्या मारत होते की दोन तर माझ्या मांडीवर घटकाभर टेकून गेले. मी म्हटलं, "हिरव्या पिशवीत तळ्याचे गळ आहेत की!" चाचांनी कानाला हात लावले. "तळ्याचा गळ नदीत? तोबा!" मसाला घेऊन गेलो होतो, मसालाच घेऊन परत आलो.

भाभींची वेगळीच तक्रार. "पॉलिश पेपर घेऊन झाकणं घासत बसतात. माणूस शिंकला तरी डबा उघडतो आता!" शिवाय एकेक गळ घरीच दोरीच्या तुकड्याला बांधून, मागे फास करून, टोक वर राहील असा जुन्या चपलेच्या रबरात रोवून ठेवायचा. पाण्यावर गाठ मारायची नाहीच. बाकीचे मासेवाले चिडवायचे, "चाचा, मासा काय गाठ बघून गिळतो?" चाचा नुसते हसायचे.

मग परवाच्या रविवारी म्हणाले, "चल गडबच्या खाडीवर. गजानन येतोय."

गजानन म्हणजे मिठागरात राबलेला त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. कुवेतहून सुट्टीला आले की चाचा घराआधी त्याच्या दारात. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून तो पाण्याकडे फिरकला नव्हता. "दर टायमाला तू गळ लावून देणार न् मी पावण्यासारका बसणार? नाय जमायचं," हे त्याचं उत्तर.

त्या दिवशीही खाडीच्या बांधावर टेकताटेकता त्यानं बजावलं, "निस्ता बसायला आलोय, अन्वऱ्या. गळबिळ नाय."

"नको ना. कोण देतोय तुला?" चाचा म्हणाले. लाल पिशवी त्यांनी गजाननच्या डाव्या अंगाला ठेवली, तोंड उघडं, आणि आपली दोरी पाण्यात सोडून त्याच्याकडे पाठ करून बसले. ती पिशवी! उघडी! मी चाट पडलो.

मग मागे झाकण वाजलं.

मी तिरक्या नजरेनं बघितलं. गजाननच्या डाव्या अंगठ्यानं डबा उघडला होता. रबरात रोवलेल्या गळाच्या टोकावर त्यानं आमिषाची कोळंबी दाबून बसवली, तयार फास मोठ्या दोरीच्या कडीत अडकवला, आणि गळ मोकळा करून फेकला. तो पडला पुढ्यातल्या चिखलात. चाचांची मान ताठ. गजाननानं शिवी हासडली, दोरी ओढली, पुन्हा फेकली. पाण्यात.

पेणच्या दुकानातला तो डावा अंगठा मला तेव्हा कळला.

"अन्वऱ्या," मागून आवाज आला, "झाकान लय ढिलं हाय तुझ्या डब्याचं. कुवेतला हेच शिकलास व्हय?"

"गप बस. मासं पळतील," चाचा पाण्याकडे बघतच म्हणाले.

निघताना त्यांनी आपली दोरी गुंडाळली. टोकाला शिसं होतं. गळ लावायचाच राहून गेला होता.