ऐसपैस बंदुकीची हकीकत

श्री. शस्त्रे तेज असावी, ती उगारणारांची मने थंड असावी, आणि ऐकणारांस बसावयास सावली असावी. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यात धाकोजी लोहार म्हणून कुलपे घडविणारा मोठा कसबी पुरुष होता. त्या राज्याच्या बंदुका घडणीस इतक्या नेमक्या की घोड्याच्या सांध्यात केस शिरू नये, आणि शस्त्रे ठेवावयाच्या शिलेखान्याचे दारोगे भिकाजीपंत यांस त्याचा भारी गर्व. परंतु दर दसऱ्यास सलामीचे वेळी निम्म्या बंदुका मुक्या राहात, मग दारोगे म्हणत, दारू सर्दली, आणि शेजारील राज्याचे वकील मिशीत हसत. खरे कारण सर्वांस ठाऊक आणि बोलत कोणी नव्हते. खंडेनवमीस राजमाता आईसाहेब स्वहस्ते बंदुका पूजीत, हात मोकळा, कुंकू मुठीने आणि अक्षता ओंजळीने, आणि पुजलेले शस्त्र सलामी होईतो पुसू नये ऐसा रिवाज. अक्षता घोड्यात अडकून बसत. हे आईसाहेबांस सांगावे कोणी?

धाकोजीने बोलणे सोडून घडविणे धरिले. तीन वर्षे खपून बंदूक केली, ती घोड्याभोवती मोकळी आणि खाली फट, की आत पडेल ते बाहेर जावे. हलविली की खुळखुळ वाजे. दारोगे पोट धरून हसले आणि म्हणाले, "हा तर पाळण्यावर टांगावयाचा खुळखुळा. दसऱ्यास उडाली तर फौजेस देऊ. न उडाली तर हा उद्योग बंद, आणि जन्मभर कुलपे घडीव." धाकोजीने मान्य केले आणि घरी येऊन बंदूक गोणपाटात गुंडाळू लागला. मग बायको राहीबाई म्हणाली, "कुलपांनी पोट भरतंयच की. पर तुमचं मन भरत न्हाई, मला का दिसत न्हाई? जावा, घेऊन जावा."

नवमीस दारोगे यांनी मुद्दाम तीच बंदूक आईसाहेबांपुढे आधी ठेविली. नवी वस्तू पाहून आईसाहेब संतोषल्या आणि दुप्पट अक्षता वाहिल्या. दसऱ्यास सीमेवर फौज उभी राहिली, सलामी जाहली, निम्म्या बंदुका नेहमीप्रमाणे मुक्या. मग धाकोजीने आपली बंदूक खडखडून हलविली, खांद्यास लाविली आणि चाप ओढिला. बार ऐसा जाहला की वकिलांचा विडा तोंडातून पडला. आईसाहेब खळखळून हसल्या, आणि धाकोजीचे पायांपाशी अक्षतांचा सडा पाहून एकाएकी थांबल्या.

"धाकोजी, म्हणजे इतकी वर्षे आमच्याच अक्षता आड येत होत्या?"

धाकोजी हात जोडून बोलिला, "आईसाहेब, अक्षता जास्त नव्हत्या. बंदुकीत जागा कमी होती."

आईसाहेबांनी हातचे कडे उतरून दिले आणि बंदुकीचे नाव ऐसपैस ठेविले. मग दारोगे स्वतः धाकोजीचे भात्यापाशी येऊन बसू लागले, आणि साऱ्या फौजेस ऐसपैस मिळाली. वकिलांनी घरी जाऊन काय सांगितले न कळे, परंतु धाकोजी नातवंडे खेळवून सुखाने वारला तोवर शेजाऱ्याने सीमेस पाय लाविला नाही, आणि ऐसपैस दसऱ्यावाचून उडाली नाही.

येणेप्रमाणे बंदूक सुटली आणि लढाई टळली. अक्षता मात्र आईसाहेबांनी कधी कमी केल्या नाहीत.