हबीबचाचांचा ताव

आमच्या डोणगावच्या हबीबचाचांना दाढी होती, पण फक्त उजव्या गालावर. डावा गाल त्यांनी धंद्याला वाहिला होता. शेगडीतून डाख लावायचा दांडा काढला, की त्याची तापलेली तांब्याची चोच ते डाव्या गालापाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि धग जोखायचे. त्या बाजूचे केस कधीच जळून गेले होते. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा डुलकी घेतोय. तापलेलं तांबं तोंडाशी धरून डुलकी कोण घेतो, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागे.

चाचा पत्र्याचं काम करत. बादल्या, कंदील, चाळण्या, नरसाळी. मी तिथल्या शाळेत मास्तर, त्यांच्या दुकानासमोरच भाड्याने राहणारा. माझी एक गळकी बादली मी त्यांच्याकडे दिली होती. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली दिली, आणि राज्याला दोन वर्षं होऊन गेली तरी ती दुकानात टांगलेलीच होती. विचारलं की उत्तर ठरलेलं, "घाई काऊन करता गुर्जी? ताव येऊ द्या."

ताव म्हणजे चोचीची धग. ती कमी पडली तर डाख, म्हणजे सांधा जोडणारं वितळलेलं कथील, उंदराच्या लेंडीसारखा गोळा होऊन बसतो. जास्त झाली तर चोच काळी पडते आणि डाख धरतच नाही. या दोन्हींच्या मधला ताव चाचांच्या मते दिवसातून तीन-चारदाच येई. लावलेला डाख मनाला आला नाही, की ते तो वितळवून पुन्हा लावत. गिऱ्हाईक कंटाळून मेहकरची वाट धरी. चाचांना त्याचं काही नसे. म्हणत, "जाऊ द्या. त्याले बादली पाह्यजे, काम नाही पाह्यजे."

अशा माणसाने काचेच्या कामाला हात घातला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता.

हे काम निघालं खतीजाचाचीमुळे. ही त्यांची बायको. तिची नजर जात चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उपाय नाही, पावसाळ्यापर्यंत आहे तेही जाईल. माणसं तिला दिसेनाशी झाली होती. उजेड आणि त्यातला एखादा ठळक रंग तेवढा कळे. चाचांनी हे ऐकलं आणि सरळ खामगाव गाठलं. तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यातून जुनी तावदानं काढून टाकली होती. त्यांच्या रंगीत काचा पोत्यात घालून ते घेऊन आले. घराच्या उगवतीच्या खिडकीत त्या बसवायच्या, म्हणजे चाचीला रोज सकाळी रंग दिसतील, असा बेत. चाचीने एकच गोष्ट मागितली. "मधात लाल लावा," ती म्हणाली. "लाल मले अजून साफ कयते." पोत्यात लाल तुकडा एकच निघाला, तळहाताएवढा.

काच हिरकणीने कापायची, कडेने शिशाची पट्टी वळवायची आणि पट्टीला पट्टी भिडते तिथे डाख द्यायचा. पण शिसं म्हणजे बादलीचा पत्रा नव्हे. जरा ताव चढला की पट्टीच वितळते आणि काच तडकते. चाचांनी तेरा सांधे लावले आणि अकरा उसवले. फाल्गुन गेला, चैत्र गेला. चाची ओट्यावरून रोज विचारी, किती झालं. चाचा रोज सांगत, ताव पाहून राह्यलो. नजर जायच्या आत खिडकी लागायला हवी होती, आणि हा भला माणूस लेंडी आली म्हणून सांधे उसवत होता.

शेवटी मी भांडलो. म्हटलं, तुमचा ताव येईपर्यंत चाचीचे डोळे जातील. बोललो आणि जीभ चावली. चाचा नुसते गाल चोळत बसले.

मग मी अकोल्याहून विजेवरचा दांडा आणून दिला. गावात वीज नवी होती आणि माझा तिच्यावर फार विश्वास. मी म्हटलं, धग एकसारखी राहते, गाल जाळायचं कारणच नाही. चाचांना तो पसंत नव्हता, पण माझ्या त्या बोलण्यानंतर त्यांनी मुकाट्याने घेतला. दोन दिवसांत बाकीचे सांधे झाले. राहिला मधला लाल.

तो लावायच्या जरा आधी बाजारातली पिठाची गिरणी बंद झाली आणि दुकानातला पिवळा दिवा एकदम पांढरा झाला. गिरणी थांबली की विजेचा जोर वाढतो आणि दांडाही जास्त तापतो, हे मला तेव्हा कळलं नाही. चाचांनी सवयीने दांडा गालाकडे नेला. मी म्हटलं, आता कशाला ते, लावा की. त्यांनी हात खाली आणला. पट्टी पाण्यासारखी वाहिली आणि लाल काचेचे चार तुकडे झाले.

खामगाव झालं, अकोला झालं. लाल काच कुठेच मिळाली नाही. मृग तोंडावर आला होता. शेवटी मधोमध साधी काच बसवली, ती मात्र कोळशाच्या शेगडीवर, गालाला विचारून. मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

खिडकी लागली त्या सकाळी चाचीला समोर बसवलं. लाल काच फुटल्याचं तिला अजून माहीत नव्हतं. ते सांगायचं म्हणून चाचांनी मलाही बोलावून घेतलं होतं. तिच्या पांढऱ्या ओढणीवर हिरवा, पिवळा, निळा उजेड पडला. मधोमध नुसतं ऊन. चाचांनी सांगण्यासाठी घसा खाकरला, तेवढ्यात तीच म्हणाली,

"मधातलं लाल लय साजरं दिसून राह्यलं. तुमच्यासारखं काम कोनाले जमत नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. तिला काहीच दिसत नव्हतं. कधीपासून दिसत नव्हतं, कोण जाणे. मला रडू आवरेना, म्हणून मी दाराकडे वळलो.

"हाव," मागून चाचांचा आवाज आला. "ताव बराबर लागला व्हता."

दुसऱ्याच दिवशी माझी बादली दारात आली. पाणी भरून पाहिलं, गळत नव्हती. पण बुडाशी डाख लेंडीसारखा गोळा होऊन बसला होता, आणि चाचांनी तो उसवला नव्हता.