घर सोडायची ट्रायल

कथा लिहिणं म्हणजे काय हो, बॅगा बनवण्यापेक्षा अवघड असणार आहे का? निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, "आजपासून मी लेखक!" उभा जन्म मी प्रवासी बॅगांचा कारखाना चालवला. कारखान्याच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चपला बघून सांगायचो, हा कुठल्या रंगाची बॅग घेणार ते! लेखकाला तरी माणसं आणखी किती ओळखावी लागतात?

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. पण जेवायच्या टेबलावर बसू नका. वाढायच्या वेळी सगळं उचलावं लागतं."

लेखकाच्या जन्माचं हे असं स्वागत! तेव्हाच ठरवलं, पहिली कथा अशी फक्कड लिहायची की हिच्या हातातली भाजी गळून पडली पाहिजे.

कल्पनाही झकास सुचली. लग्नाला जमाना झालेला एक नवरा एका सकाळी बॅग उचलतो आणि बायकोला म्हणतो, "मी हे घर सोडून चाललो!" इथपर्यंत कथा धाडधाड आली. पुढं बायको काय म्हणते, तिथं घोडं अडलं. तिला रडवून पाहिलं, खोटं वाटलं. पाया पडायला लावलं, तर वाचताना मलाच हसू आलं. शेवटी बेशुद्ध पाडली, तर ती काही केल्या शुद्धीवर येईना!

आमच्या कारखान्यात एक नियम होता. ट्रायल घेतल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. नवी बॅग आली की तिच्यात विटा भरायच्या आणि जिन्यावरून खडखडत खाली न्यायची. टिकली तर पास! मग संवादाचीही ट्रायल का घेऊ नये? बायको तर घरचीच होती. आधी सांगितलं तर अस्सल उत्तर मिळणार नाही, म्हणून तिला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरवलं. धंद्यात मुरलेला माणूस हो मी, कच्चा नाही!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला आणखीही एक गोष्ट बघायची होती. आयुष्य कारखान्यात गेलं. आता दिवसभर घरात असतो, तर ही केर काढताना "पाय वर घ्या" एवढंच बोलते. आपण नसलो तर हिला काही वाटेल की नुसता केर नीट निघेल? मनात ते खुपत होतं.

माळ्यावरून आमच्याच कारखान्याची निळी बॅग काढली. रिकामी बॅग ओढली की वेगळीच वाजते, हिनं लगेच ओळखलं असतं. म्हणजे वजन हवं. कपडे भरावेत, तर माझे कपडे कुठल्या कप्प्यात असतात ते मला ठाऊक नव्हतं. विटा मात्र ठाऊक होत्या! बाल्कनीतल्या कुंड्या बाजूला केल्या, त्यांच्याखालच्या विटा काढल्या आणि भरल्या. हात कसे सराईतासारखे चालले!

मग दारात उभा राहून गरजलो, "मी हे घर सोडून चाललो!"

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो बंद करून ही बाहेर डोकावली. "काय म्हणालात?"

"मी हे घर सोडून चाललो! कायमचा!"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे. "किल्ली घेतलीत का? मी थोड्या वेळानं बँकेत जाणार आहे."

आणि मिक्सर पुन्हा सुरू!

आता मागं कसं फिरणार? मुकाट्यानं बाहेर पडलो. जिन्यात बॅगेचा असा काही दणदणाट झाला की खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. यांना आम्ही घरात 'बातमीपत्र' म्हणतो.

"कुठं निघालात हो भाऊजी?"

"घर सोडून चाललोय," मी म्हणालो. सांगायला नको होतं, पण वाक्य इतकं पाठ झालं होतं की तोंडातून निसटलंच.

"अगं बाई! आणि वहिनी?"

"तिला काही वाटत नाही!" हे मात्र कथेतलं नव्हतं, मनातलं होतं.

काकूंचं दार बंद झालं आणि त्यांचा फोन सुरू झाला. मी फाटकापाशी बाकावर जाऊन बसतोय न बसतोय तोच मुलीचा फोन! "बाबा! आई काय म्हणाली तुम्हाला?"

"किल्ली घेतलीत का म्हणाली."

"म्हणजे किल्लीसुद्धा काढून घेतली? थांबा तिथंच, आम्ही निघालो!"

मी "अगं, तसं नव्हे" म्हणेपर्यंत फोन कट. तोवर अर्धी इमारत खाली उतरली होती. वॉचमननं पाणी दिलं. कुणी म्हणालं, वहिनींनी हाकलून दिलं. कुणी म्हणालं, छे, हेच वहिनींचे दागिने घेऊन पळालेत, बॅगेचं वजन बघा! मी खुलासा करायला तोंड उघडलं की काकू म्हणायच्या, "बोलू नका, त्रास होईल!"

मुलगी आली ती डोळे पुसतच. मागोमाग जावई. "चला बाबा, आमच्याकडे," म्हणत त्यानं बॅगेचं हँडल धरून जोर लावला. हँडल त्याच्या हातात आलं, बॅग खाली आपटली, चेन उसवली आणि भर फाटकात विटाच विटा झाल्या.

जावई हळूच म्हणाला, "बाबा, घर सोडताय की नवं बांधताय?"

इतक्यात ही पर्स घेऊन खाली आली. विटा पाहिल्या, हँडल पाहिलं. "झाली का ट्रायल? मी मागंच म्हटलं होतं, हँडल कच्चं आहे म्हणून."

"आई, तुला माहीत होतं?" मुलगी किंचाळली.

"न कळायला काय झालं? सकाळी माझ्या कुंड्या हलवून विटा भरत होते. जन्मभर दुसरं काय केलंय यांनी?"

"पण मी कायमचा म्हणालो होतो!" मी चारचौघांत कळवळून ओरडलो. कथा गेली खड्ड्यात! "तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं असतं ना, बॅगेत कपडे असते तर! तुमचे बनियन कुठल्या कप्प्यात असतात, सांगा बरं?"

मी जावयाकडे पाहिलं. तो हँडलकडे पाहू लागला.

"जन्मभर बॅगा विकल्यात, एक तरी स्वतः भरलीत? टूरवर निघालात की प्रत्येक वेळी मीच भरून देत होते. खरंच घर सोडायचं ठरलं, तर आदल्या दिवशी सांगा. भरून देईन." दोन पावलं जाऊन ती वळली. "माझीही भरेन. नाहीतर तिकडं चष्मा कोण शोधून देणार तुम्हाला?"

मी विटा गोळा करायला वाकलो. खरं म्हणजे डोळे पुसायला वाकलो होतो.

मग घडलं ते जसंच्या तसं कथेत उतरवलं आणि एका मासिकाला पाठवून दिलं. काही दिवसांनी संपादकांचा फोन आला. बाल्कनीत ही कुंड्यांखाली पुन्हा विटा लावत होती. तिनंही ऐकावं म्हणून मी मोठ्या ऐटीत स्पीकर चालू केला.

"बायकोचं पात्र अप्रतिम!" संपादक म्हणाले. "पण नायक पटत नाही हो. कारखाना चालवलेला माणूस विटा भरून घर सोडेल? इतका बावळट माणूस असतो का कुठं?"

बाल्कनीत हिनं तोंडात पदर कोंबला.

"छे छे साहेब," मी घाईघाईनं म्हणालो, "ते सगळं काल्पनिक आहे!"

"तेच तर चुकतंय," ते म्हणाले. "जरा आजूबाजूची खरी माणसं बघत चला."