आर्थरकाका आणि दाराबाहेरचे बूट

गणपतीच्या जेवणाला आलेली मंडळी घरी जायला निघाली आणि दारातच थबकली. बाहेर सगळ्यांचे बूट चकाचक पुसून, जोडीजोडीने ओळीत लावलेले, आणि पायरीवर हातात फडकं घेऊन आमचे शेजारी आर्थरकाका बसलेले. कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र स्पोर्ट्स शूजना त्यांनी बुटांना लावायची चरबी चोपडली होती. ती कशाची चरबी, हे मी डबीवर वाचलं आणि गणपतीच्या दिवशी गप्प बसले.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! शाळा संपल्या संपल्या ते इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या क्लबात उमेदवारीला लागले, तेव्हा मोठे खेळाडू बूट दाराबाहेर काढून ठेवायचे आणि पोरांनी ते घासायचे. आमच्या दारातला ढीग बघून त्यांना वाटलं, आपलंच काम आलंय. मी त्यांना समजावलं, काका, आमच्यात बूट बाहेर काढूनच आत येतात. ज्याचे बूट दारात, तो माणूस घरात, एवढंच. हे त्यांना फार पटलं. पुढे येता-जाता आमच्या दारातले बूट बघून आत कोण कोण आहे ते मलाच सांगायचे.

इथे अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटत नाही, पण हा माणूस एके काळी सेंटर फॉरवर्ड होता. गिरण्यांच्या गावचा क्लब, पावसात भिजून दगड झालेला चामड्याचा चेंडू, आणि तो डोक्याने मारून गोल करण्यात काकांचा हातखंडा. मॅचला प्रेक्षकांबरोबर बसनेच जायचे आणि हरले की त्याच बसने शिव्या खात परत यायचे. मग गुडघा गेला. अमेरिकेत फुटबॉलची नवी लीग निघाली, तिथे चालून जाईल म्हणून बायकोला घेऊन इकडे आले, तर ती लीगच बंद पडली. मग शाळेतल्या पोरांना खेळ शिकवत आयुष्य काढलं.

बायकांना ते त्यांच्या गावाकडच्या रीतीने सरसकट 'लव्ह' म्हणतात, आपण 'बाळ' म्हणावं तसं. पहिल्यांदा मला म्हणाले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या भुवया कपाळात गेल्या होत्या. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा फुटबॉलमधला एकच शेरा, "चाल छान, शेवट भिकार." श्रीकांतचं पार्किंग असो की तव्यावर फाटलेली माझी पुरणपोळी. फक्त श्रीकांतची नोकरी गेली तेव्हा त्यांनी तो शेरा गिळला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, हाफटाइम झालाय रे.

त्यांना उलट बोलणारी एकच व्यक्ती होती, मार्गारेटकाकू. भिकार शेवट तुझाच असायचा, असं त्या फाडकन सुनावायच्या आणि काका खूश व्हायचे. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर काका भराभर विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर डोक्यावर झेललेल्या चेंडूंचाच हा परिणाम असेल कदाचित. ज्या डोक्यासाठी गावाने टाळ्या वाजवल्या, तेच असं रिकामं होत चाललं. मला फार राग यायचा, पण करायचा कुणावर?

त्यांनी पातेलं जाळलं, मग एकदा घराचा रस्ता चुकले. शेवटी लेक जेनी त्यांना कायमचं ॲरिझोनाला न्यायला आली.

निघायच्या सकाळी ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. डॅडी ऐकतच नाहीत, म्हणाली. मी गेले, तर काका आपल्या पायरीवर ठाण मांडून बसलेले. शेजारी काकूंचे तपकिरी बूट, चरबी लावून चमकवलेले. रोज ते बाहेर मांडत होते म्हणे. मला ते दिसायचे, पण काकूंचं सामान आवरताना बाहेर ठेवले असतील, असंच मला आजवर वाटत होतं.

"मार्गारेट आत आहे," ते म्हणाले. "तिला टाकून कसा जाऊ? बूट दारात आहेत ना? तूच सांग या जेनीला, लव्ह."

नियम माझाच होता. आता कुठल्या तोंडाने मोडू?

मी ते बूट उचलले, गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीटसमोर खाली नीट मांडले. परत येऊन म्हटलं, "काका, काकू कधीच्या गाडीत बसल्यात. तुमच्यासाठीच थांबलोय सगळे."

काकांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. काठी टेकत गाडीपर्यंत गेले, वाकून बूट पाहिले. ही बाई आयुष्यात कधी माझ्याआधी तयार झाली नाही, असं पुटपुटले. मग तो मोडका गुडघा कसाबसा वाकवून त्यांनी स्वतःचे बूट काढले, काकूंच्या बुटांना लागून ठेवले, नाड्या आत खोचल्या. आणि नुसत्या मोज्यांनी आत चढून, शेजारची जागा मोकळी सोडून, अंग चोरून बसले.