बटणांच्या कोटातली गाडी

बस वळणाआड गेली तेव्हा शिंपीमास्तर गॅरेजचं कुलूप ओढून बघत होते. एकदा ओढून ते थांब्यापर्यंत गेले होते. पण तिथे पोचल्यावर मनात आलं, आपण ओढलं ते कुलूप की नुसती कडी? म्हणून माघारी आले. कुलूप जागच्या जागी होतं. बस मात्र नव्हती.

मास्तरीणबाई नव्या चपलांनी पाय दुखवत परत आल्या. "ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबा, यांचं कुलूप बघून होऊ दे. तो म्हणाला, बाई, कुलूप बघायला कुणी इतका वेळ लावतं का? काय सांगणार त्याला?"

"पुढची बस?"

"दुपारी."

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा. मास्तरांची ही धाकटी बहीण शाळेची बस चालवायची. दिवसभर लोकांची मुलं घरोघर पोचवायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईची औषधं. आई गेली तोवर धाकटीचे केस पिकले होते. आता पन्नाशी उलटल्यावर, त्याच शाळेतले भूगोलाचे सर आणि ती, दोघं मिळून विवाह नोंदणीच्या कचेरीत सही करणार होती. साक्षीदार तीन लागतात. दोन हजर होते. तिसरा कुलूप ओढत होता.

"दादा, निघालास ना?"

"निघालो म्हणजे, निघतोच आहे."

"साहेब एकदा जेवायला उठले की आज परत बसत नाहीत. उद्यापासून ते रजेवर. बाहेरचा झेरॉक्सवाला म्हणतोय, मी करतो सही, त्यात काय एवढं. माणूस चांगला आहे रे." ती थोडी थांबली. "पण दादा, माझ्या लग्नाला झेरॉक्सवाला?"

फोन ठेवून मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"गॅरेजकडे बघू नकोस," मास्तर म्हणाले.

"मी कुठे बघतेय? घाम तर तुम्हीच पुसताय."

गॅरेजात मास्तरांची लाल गाडी होती. दोन माणसांची, जमिनीलगतची, बसायचं म्हणजे आधी लोळायचं अशी. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून घेतलेली. रस्त्याची धूळ लागू नये म्हणून ती घरी आली तीसुद्धा ट्रकवर बसून. आल्या दिवशी मास्तरांनी टेप काढून तिची मापं घेतली आणि तिला कोट शिवला. आतून मऊ अस्तर, पाठीवर खालपर्यंत बटणं. टायर दमू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे. दर रविवारी बटणं काढायची, फडक्याने अंग पुसायचं, इंजिन चालू करून तापल्या लेकराच्या छातीला लावावा तसा कान लावायचा, बंद करायचं, आणि पुन्हा बटणं. गल्लीतल्या मुलांनी त्यावर गाणंच जुळवलं होतं:

लाल लाल राणी, दाराआड न्हाली,
कोट घालून बसली, फिरायला नाही गेली.

मास्तर बटणं काढायला बसले. शर्टाची काढावीत तशी, एकेक, हळुवार. चार निघेपर्यंत मास्तरीणबाई दुकानातून कातर घेऊन आल्या.

"एक टाका जरी तुटला ना..."

"मग असं करते. हा कोट राहू दे अंगावर, मी झेरॉक्सवाल्यालाच फोन लावते. नंबर असेल धाकटीकडे."

पुढची बटणं भराभर निघाली. जॅक लावून ठोकळे काढले. गाडी जमिनीला टेकली तेव्हा मास्तरांनीच सुस्कारा सोडला.

रस्त्यावर आली खरी, पण गाडी निघाली वरातीत निघावी तशी. खडा दिसला की वळसा. गतिरोधक दिसला की आधी उभं राहायचं, मग तिरकं होऊन एकेक चाक उचलून घ्यायचं, जणू झोपलेल्या माणसांना ओलांडतोय. एक सायकलवाला पुढे गेला. मग बाबागाडी ढकलत एक बाई पुढे गेली आणि मागे वळून हसली.

"ती बाईसुद्धा गेली पुढे."

"तिचं काय जातंय? तिच्या गाडीला रंग कुठे आहे एवढा."

चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. वाकून, जवळजवळ गुडघ्यावर बसून, त्याने आत पाहिलं. "काका, काही बिघाड?"

"नाही. सांभाळून चालवतोय."

"मागे बघितलंत का एकदा?"

मास्तरांनी आरशात पाहायला मान वळवली. आरसे मिटलेले होते. कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनीच निघताना मिटले होते. मग त्यांनी मान बाहेर काढली. मागे थेट बाजारापर्यंत वाहनांची रांग होती.

"साहेब, यांची बहीण लग्नाला ताटकळत उभी आहे हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पावती करायची तर करा, पण यांना पळवा."

पोलिसाचा चेहरा निवळला. पावतीपुस्तक खिशात गेलं. "मग ही डावीकडची गल्ली घ्या. थेट कचेरीच्या दारात निघते. जरा अरुंद आहे एवढंच."

गल्ली खरंच अरुंद होती. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणं अंग टाकून बसलेली. मास्तरांनी तोंडाशीच ब्रेक दाबला. पुन्हा फोन. मास्तरीणबाईंनी ऐकला आणि ठेवला. "साहेब हात धुवायला उठलेत."

मास्तरांनी कुंपणाकडे पाहिलं. मग का कोण जाणे, त्यांना सायकल आठवली. मागे कॅरिअरवर धाकटी, तिची बोटं त्यांच्या शर्टात गच्च. त्या सायकलला रंग होता की नव्हता, दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यांनी गाडी गल्लीत घातली.

कर्रर्र करत एक काटा दारापासून शेपटीपर्यंत गेला. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांना मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. नव्या कोऱ्या कापडात पहिल्यांदा कातर शिरते, अगदी तसा. एकदा ती आत शिरली की माणूस श्वास घेतो आणि कामाला लागतो. मास्तरांनी श्वास घेतला आणि पाय दाबला. गाडीने इतके दिवस पोटात धरून ठेवलेली हाक एकदम मोकळी केली, आणि कुंपणावरची सगळी पाखरं उडाली.

साहेबांचा पहिला घास हातातच होता. "तिसरे साक्षीदार तुम्हीच का?" त्यांनी घास खाली ठेवला, हात पुसला आणि शिक्का उचलला.

मास्तरांनी सही केली. धाकटी लहानपणासारखी त्यांच्या शर्टाची कड तेवढी धरून उभी राहिली. झेरॉक्सवाल्याने दारातून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. तोही सुटला होता. त्यात काय एवढं म्हणाला खरा, पण परक्याच्या लग्नाला सही करायचं त्याच्याही जिवावर आलं होतं.

बाहेर आल्यावर सरांनी ओरखडा पाहिला आणि नकाशातली नदी बघावी तसं त्यावरून बोट फिरवलं. "दादा, हा आजचाच?"

"आजचाच." मास्तरांनी किल्ली काढून धाकटीच्या हातात ठेवली. "तुम्ही समुद्राकडे निघालात ना? घेऊन जा."

"अरे, पुढचा रस्ता सगळा खडीचा आहे."

"असू दे. पहिला माझ्या हातून झालाय, पुढचे कुणाच्याही हातून होवोत. जा."

गाडी धूळ उडवत गेली. मास्तर धुळीतच उभे राहून बघत होते, आणि मास्तरीणबाईंना वाटलं, यांचे खांदे किती दिवसांनी खाली आले.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. थोडं अंतर गेल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "धाकटीला सवय मोठ्या बसची. ही एवढीशी. अंदाज येईल ना तिला?"

मास्तरांचं डोकं बसच्या हेलकाव्याबरोबर हललं.

"आणि सरांचे हात कायम खडूचे. सीटला पुसले म्हणजे? समुद्राची हवा तर खारट असते म्हणतात. लोखंडाला चालते का हो? तुम्ही एक शब्द तरी सांगायचा होतात त्यांना."

त्यांनी वळून पाहिलं. मास्तर तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, डोकं मास्तरीणबाईंच्या खांद्यावर कलत होतं. मास्तरीणबाईंनी ते न हलवता पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि तोंडावर हात धरून हळूच विचारलं,

"अगं धाकटे, जेवायला थांबलात वाटतं? थांबा, थांबा. पण गाडी सावलीत लावलीय ना?"