सीलबंद मेंढरू

कॉम्प्युटरचं झाकण उघडून दाखवायला दौंडच्या दुकानदारानं नकार दिला, तेव्हा हरिबा कोळपे खुर्चीवरून उठले आणि वहाणा घालू लागले. मागवलेला चहा अजून यायचा होता.

"आबा, बसा की," त्यांचे जावई सोपानराव म्हणाले. दुकानदार सोपानरावांच्या ओळखीचा होता आणि सासुरवाडीच्या माणसांना वरवंडहून वाट वाकडी करून ते स्वतः इथं घेऊन आले होते. "ह्यो कंपनीचा माल हाय. त्याला सील असतं. सील तुटलं की गॅरंटी गेली."

"मेंढरू घेताना आम्ही त्वांड उघडतो," हरिबा म्हणाले. "दात बघतो. दोन दाती का चार दाती, ते बघून पैसं देतो. ह्यो गडी म्हणतोय त्वांड शिवलेलं हाय, तसंच न्या." मग त्यांनी दुकानदाराला विचारलं, "आत काय हाय ते तू तरी बघितलंयस का?"

दुकानदारानं बघितलं नव्हतं. त्याच्याकडं एक छापील यादी होती, ती त्यानं पुढं केली. हरिबांनी ती हातात घेतली नाही.

हरिबांनी चाळीस वर्षं मेंढरांमागं काढली होती. आता मुलगा भैरू इनामगावात घोड नदीच्या पाण्यावर ऊस करत होता आणि दारात मेंढरं उरली होती सहा. तरी गावातलं कुणीही जनावर घ्यायला निघालं की आधी हरिबांना विचारी. बाजारात ते एकदाही फसले नव्हते, असं गाव म्हणायचं आणि ते स्वतःही म्हणायचे. कॉम्प्युटर घ्यायचा ठरला तेव्हा त्यांना सोबत न्यायचं की नाही, हा प्रश्नच कुणी काढला नाही.

कॉम्प्युटर हवा होता धनश्रीला, भैरूच्या मुलीला. शिरूरला तिनं डीटीपीचा कोर्स केला होता. गावच्या दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यानिमित्तानं निघणाऱ्या ऐंशी पानी अहवालाचं काम चेअरमननी तिला देऊ केलं होतं, तिच्याकडं मशीन असेल तर. भैरूनं तिला मुदत घालून दिली होती. अठ्ठावीस जूनला अहवाल छापखान्यात गेला, तर कॉम्प्युटर घरात राहील आणि ती धंदा करील. नाही गेला, तर तीस तारखेच्या आत डी.एड.चा फॉर्म. तो फॉर्म भरून तयार होता, देवळीत गणपतीच्या फोटोमागं ठेवलेला होता. धनश्रीला मास्तरीण व्हायचं नव्हतं. ती त्या फोटोपुढं हातही जोडेनाशी झाली होती.

दौंडहून परतताना जीप वरवंड फाट्याला थांबली. उतरताना सोपानराव म्हणाले, "जोडजाड करून घेतलेलं मशीन म्हंजी भंगार. मागनं माझ्याकडं येऊ नका."

तिसऱ्या दिवशी शिरूरला राहिल शेखच्या दुकानात जोडजाड झाली. राहिलचं दुकान एसटी स्टँडमागं, दहा बाय दहाचं. त्यानं खोकी एकेक करून हरिबांच्या मांडीवर ठेवली, प्रत्येक वस्तू उघडून हातात दिली आणि मग डब्यात बसवली. रॅम नावाची बोटभर लांबीची पट्टी आली, तेव्हा हरिबांनी ती उजेडात धरली. खालच्या कडेला सोनेरी दात होते, एका रांगेत, एकही पडलेला नाही.

"दात बेस हायती," ते म्हणाले. कंपनीच्या मशीनपेक्षा किंमत नऊ हजारांनी कमी झाली, त्याहून त्यांना या दातांचं समाधान जास्त होतं. राहिलनं पट्टी खाचेत दाबली आणि दोन्ही बाजूंचे पांढरे चाप टक्‌ टक्‌ बसले. हरिबांनी ते नीट पाहून ठेवलं.

मशीन घरी आलं. धनश्रीनं चार दिवसांत वीस पानं केली. पाचव्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून नुसतं टूं टूं टूं.

डबा गोधडीत गुंडाळून भैरूनं मोटारसायकलवर शिरूरला नेला. मांडीवर धरायला मागं धनश्री होती. राहिलनं झाकण काढलं, रॅमची पट्टी काढली, दुसरी लावली, मशीन चालू झालं. काढलेली पट्टी पुन्हा बसवून बघणं हे त्याचं काम होतं. पण दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती आणि भैरू त्यांच्यासमोर मोठ्यानं विचारत होता, की पाच दिवसांत मरणारा माल तो कुठल्या उकिरड्यावरून आणतो.

"न्हावऱ्याच्या रस्त्यानं आणलं ना तुम्ही," राहिल म्हणाला. "त्या खड्ड्यांनी माणसाच्या दाढा पडत्यात, भैरूआप्पा. माझा माल नवा होता."

पट्टीच्या मागच्या बाजूला, दोन काळ्या चौकोनांमध्ये, दोन बारीक लाल रेघा आणि एक ठिपका होता. तो राहिलला दिसला. पुण्याचे होलसेलवाले बदलीच्या मालावर आपली खूण करतात, हे त्याला माहीत होतं; त्यातलीच एखादी असेल असं त्यानं धरलं आणि पट्टी पुण्याला परत पाठवली. पुण्याच्या माणसानं ती राहिलची खूण धरली. त्यानं पट्टी तपासली, ती ठणठणीत निघाली, आणि त्यानं ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावून दिली.

खूण हरिबांची होती. वाडवडिलांपासून कोळप्यांच्या मेंढरांवर दोन लाल पट्टे आणि एक टिकली असे. हे यंत्र उद्या कधी दुरुस्तीला गेलं आणि कुणी चांगले दात काढून म्हातारे बसवले, तर ओळखायचं कशावरून, या विचारानं त्यांना दोन रात्री झोप नव्हती. वरच्या चिकटपट्ट्या कुणीही सोलून काढील. लोकरीवरची खूण कातरणीत जाते, ती कातडीपाशीच हवी. म्हणून दुपारी घर निजलेलं असताना त्यांनी चार आण्याच्या नाण्यानं स्क्रू काढले, चाप उघडले, ऑइलपेंटच्या डबीत काडी बुडवून खूण केली, वाळू दिली आणि पट्टी परत बसवली. एक टक्‌ ऐकू आला. दुसरा आला की नाही, याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलेली खूण ही खूण राहत नाही.

मशीन दुरुस्त होऊन परत आलं. आतला माल नवा होता, म्हणजे त्याच्यावर खूण नव्हती. एकवीस तारखेला पुन्हा टूं टूं टूं झालं.

या वेळी शिरूरला जे झालं ते स्टँडवरच्या लोकांनीही ऐकलं. भैरूनं राहिलला भामटा म्हटलं. राहिल म्हणाला, की अडीचशे मशिनं जोडली आणि ही एकच सारखी मरते, तर दोष मशिनात नसून घरात आहे. भैरूनं कॉलर धरली. धनश्री दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिनं फक्त विचारलं, की आज दुसरी पट्टी लागेल का.

राहिलकडं शिल्लक नव्हती. पुण्याहून यायला आठवडा. आणि बदलून लावणार तो आता आणखी फक्त एकदा, म्हणाला. धनश्रीची साठ पानं झाली होती. वीस राहिली होती.

रात्री भैरूनं गणपतीच्या फोटोमागचा फॉर्म काढून उशाशी घेतला. त्याचा राग राहिलवर होता, पण राहिल पस्तीस किलोमीटरवर होता. म्हणून तो मुलीला म्हणाला, "दाजी सांगत हुतं. कंपनीचं घ्या म्हणून सांगत हुतं. त्यांचं ऐकलं असतं तर ही येळ आली नसती." आणि हरिबांना, पाठ करून, "आन् तुमचं दात."

बाजारात न फसलेल्या माणसाला फसवणारं कोण, एवढंच हरिबा मनाशी घोळवत होते, आणि त्यांचाही संशय राहिलवरच होता.

सोपानरावांनी दरम्यान दौंडच्या त्याच दुकानातून, कंपनीचा, सीलबंद कॉम्प्युटर घेतला होता. त्यांना त्याचं काही काम नव्हतं. मुलगा स्वराज अजून चौथीत होता. तरी त्यांनी पेढे वाटले आणि इनामगावला तिघांच्या हाती निरोप पाठवला.

सत्तावीस तारखेला धनश्रीनं साठ पानं उतरवलेल्या दोन फ्लॉप्या आणि मराठी अक्षरांची सीडी पिशवीत घातली आणि वरवंडला निघाली. सोबत भैरू होता, कारण दाजींपुढं मान खाली घालायची तर ती त्यानंच घालायला हवी होती. हरिबा कुणी बोलावलं नसताना आले.

सोपानरावांनी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, जरीच्या शालीखाली ठेवला होता. शाल काढायला त्यांनी पाच मिनिटं घेतली. डब्याच्या मागं चंदेरी सील होतं, त्याच्यावर त्यांनी टॉर्च मारून दाखवली.

"याला म्हंत्यात वस्तू," ते म्हणाले. "कर तुझं काम, पोरी. हितं बंद पडायचं काम न्हाई. आबा, तुमी लांबनंच बघा."

धनश्रीनं दुपारपर्यंत बारा पानं केली. आठ राहिली. दोन वाजता लाइट गेली. फ्लॉपीवर सगळं उतरवून झालं होतं, म्हणून ती आत्याबरोबर मागं विहिरीवर गेली. सोपानराव भैरूला नवं शेततळं दाखवायला घेऊन गेले. त्यात अजून पाणी नव्हतं. कॉम्प्युटरपाशी हरिबा एकटे राहिले.

पावणेचारला लाइट आली. धनश्रीनं बटण दाबलं.

टूं टूं टूं.

सोपानरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण भैरूनंही तो पाहिला नाही. सगळे काळ्या पडद्याकडं पाहत होते. फक्त धनश्रीनं पडदा सोडून आजोबांकडं पाहिलं. तीन वेळा हाच आवाज, दोन गावं, दोन मशिनं. सारखं होतं ते एकच.

तिनं डबा फिरवला. चंदेरी सील मधोमध, सरळ रेषेत, अडकित्त्यानं कापल्यासारखं कापलेलं होतं. अडकित्ता खिडकीत होता.

"कुणी कापलं हे," सोपानराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "माझी गॅरंटी कुणी कापली?"

"म्या," हरिबा म्हणाले.

धनश्रीनं झाकण सरकवलं, एका टोकाला उचललेल्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि दाबला. टक्‌. एक चाप बसला. एक आधीच बसलेला होता. तिनं बटण दाबलं आणि पडदा उजळला.

मग बोलायला लागली ती, हळू आवाजात, आणि ते ऐकून भैरू दोन पावलं मागं सरकला. "आबा, आपलं मशीनपण तुम्हीच उघडलंत. दोनदा. मी दीड महिना त्या राहिलच्या दारात जातीय. आप्पांनी त्याची कॉलर धरली. माझा फॉर्म भरून तयार हाय. आन् तुम्ही बसून बघत हुता."

"दीड न्हाई, पंधरा दिस," हरिबा म्हणाले. हिशेब चुकलेला त्यांना खपत नसे.

"कशासाठी पण?" भैरू ओरडला.

"खूण कराया. दुसऱ्याच्या कळपात मेंढरू गेलं तर वळखायचं कसं? हितंबी त्यासाठीच उघडलं. म्हणलं जावयाचा माल हाय, त्येच्यावर खूण नको व्हय?" त्यांनी कोपरीच्या खिशातून पेंटची डबी काढून टेबलावर ठेवली. झाकण घट्ट लावलेलं होतं. "पर केली न्हाई. कराय गेलो, तर आधीच हुती."

कुणाला काही कळलं नाही. हरिबांनी धनश्रीला मशीन बंद करायला लावलं, चाप उघडले, पट्टी काढली आणि जावयाच्या तळहातावर उलटी ठेवली. दोन लाल पट्टे, एक टिकली. दुसरा पट्टा थोडा ओघळलेला होता, कारण त्या दुपारी डासानं त्यांचा हात हलला होता.

"ही आमची हाय," हरिबा म्हणाले. "इनामगावची. राहिलनं पुण्याला धाडली, ती दौंडात ईऊन तुमच्या सिलाखाली बसली. कंपनीची म्हणून तुमी तिचं पेढं वाटलं."

सोपानरावांनी पट्टी नखानं खरवडून पाहिली. रंग गेला नाही. मग ते दुकानदाराविषयी जे बोलले ते स्वराजला आत पाठवून बोलले. भैरू त्यांच्यावर भडकला, कारण जोडजाड म्हणजे भंगार हे त्यांचं वाक्य होतं. सोपानराव सासऱ्यांवर भडकले, कारण सील त्यांनी कापलं होतं आणि आता कापलेलं सील घेऊन दौंडला भांडायचं कोणत्या तोंडानं. हरिबा दोघांवर भडकले, कारण त्यांच्या मते ते एकटेच न फसलेले होते.

"मामा, ती पट्टी द्या," धनश्री सोपानरावांना म्हणाली. तिनं ती स्वतः बसवली, दोन्ही टक्‌ मोजले आणि झाकण लावलं. "मला आठ पानं करायचीयत. तुमचं काय असंल ते अंगणात."

तिघं अंगणात गेले. दारातून त्यांचे आवाज येत राहिले. मधूनच राहिलचं नावही येई. उद्या सकाळी शिरूरला जाऊन त्याला चहा पाजायचा आणि कॉलर धरल्याची माफी मागायची, असं भैरूनं कबूल केलं. फॉर्मचा विषय त्यानं काढला नाही. आतून कळांचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता.

साडेसहाला धनश्री फ्लॉप्या पिशवीत घालून बाहेर आली. जीप उभी होती. हरिबा मात्र अंगणातच थांबले होते. हरवलेलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात सापडलं, तर सांभाळणाऱ्याला तितक्या दिवसांची चराई देऊन ते घरी न्यायचं, ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. ते कोपरीचा खिसा चाचपत जावयापुढं उभे राहिले.

"पावणं," ते म्हणाले, "चराई किती दिसांची झाली?"